मोनेचं तळं आणि पिवळं पडलेलं भिंग

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८८३ साली पॅरिसजवळच्या जिव्हेर्नी या खेड्यात भाड्याच्या घरात राहायला आला. पुढे सात वर्षांनी ते घर त्याने विकत घेतलं आणि अंगणाची बाग केली. मे महिन्यात जांभळी आयरिस, मग गुलाब, उन्हाळा सरताना डेलिया. एक बहर ओसरला की दुसरा सुरू, असं वेळापत्रकच त्याने लावलं होतं. १८९३ मध्ये लगतची जमीन घेऊन त्याने ओढ्याचं पाणी वळवलं आणि तळं केलं. तळ्यात लावायची परदेशी झाडं पाणी नासवतील, अशी शेजाऱ्यांना धास्ती. गुरं तेच पाणी पीत होती ना!

तळ्यातल्या फुलांना आपण सरसकट कमळ म्हणतो, पण ती कुमुदिनी. कमळाचं पान अखंड गोल असतं आणि बऱ्याचदा पाण्याच्या वर उभं राहतं. कुमुदिनीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. युरोपच्या थंडीत टिकणारी कुमुदिनी तोवर जवळपास पांढरीच असे. गुलाबी, पिवळे, लाल संकर तयार केले ते लातूर-मारलियाक या फ्रेंच रोपवाटिकाकाराने (आपल्या लातूरशी संबंध नाही!). १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. मोनेने रोपं त्याच्याकडूनच मागवली. म्हणजे ज्या रंगांमागे तो पुढची तीसेक वर्षं लागला, ते आधी एका माणसाने परागकण इकडचे तिकडे करून घडवले होते.

ही फुलं सकाळी उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. त्यामुळे चित्रकाराला वेळ पाळावीच लागते. मोने एकाच जागेची अनेक चित्रं एका वेळी चालवायचा, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा.

१९१२ मध्ये डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. मोतीबिंदू म्हणजे नुसतं धूसर दिसणं नव्हे. बुबुळामागचं भिंग वयानुसार पिवळं, पुढे तपकिरी होत जातं. त्यातल्या प्रथिनांचा रंग बदलतो आणि ती निळा-जांभळा प्रकाश गिळू लागतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः पिवळा-तांबडा. हे इतकं सावकाश होतं की मेंदू तडजोड करत राहतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. मोनेला मात्र लागला. ट्यूबवरची नावं वाचून आणि पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरवून तो काम रेटत राहिला. या काळातल्या, तळ्यावरच्या जपानी पुलाच्या चित्रांत तांबड्या-तपकिरी रंगांचा नुसता वणवा आहे. स्टॅनफर्डचे नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मर यांनी २००६ मध्ये, मोतीबिंदूतून तळं कसं दिसलं असेल याची संगणकावर प्रतिमा केली. हिरवं-निळं तळं पार मातकट झालेलं. तरी ‘डोळे बिघडले म्हणून अमूर्त चित्रं’ हे मला फारच सोपं वाटतं. आकार विरघळवणं त्याने त्याआधीच सुरू केलं होतं.

१९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं भिंग काढलं. कृत्रिम भिंग तेव्हा नव्हतंच, ते हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये पहिल्यांदा बसवलं १९४९ साली. जाड चश्मा आला आणि सगळं निळं दिसतं अशी तक्रारही. नैसर्गिक भिंग अतिनील किरणही अडवतं, म्हणून मोनेला ‘अतिनील दिसू लागलं’ असं हौसेने सांगितलं जातं. थोडंफार शक्य आहे. पण निळाईला साधं कारण पुरतं: पिवळ्या काचेला सरावलेल्या मेंदूवर एकदम सगळा निळा प्रकाश येऊन आदळला. डाव्या डोळ्याला त्याने हात लावू दिला नाही. म्हणजे एक डोळा पिवळा, एक निळा.

घरात कुणाचं नुकतंच एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांना पांढऱ्या भिंतीकडे आलटून पालटून एकेक डोळा झाकून पाहायला सांगा.