हॉटस्पॉटचं वाय-फाय फुकटचं नसतं

“टॅबवर वाय-फायची खूण आहे ना, मग मोबाइलचा डेटा जात नाही.” बोरिवली लोकलमध्ये हे आजही ऐकू येतं. ते चूक आहे. फोनचं इंटरनेट हॉटस्पॉटने टॅबला दिलं, की वाय-फाय असतं फक्त टॅबपासून फोनपर्यंत. तिथून टॉवरपर्यंत सगळं फोनच्या सिमवरच चालतं आणि तुमच्याच पॅकमधून कापलं जातं.

उलट जास्तच जाऊ शकतं. टॅब कधी कधी हॉटस्पॉटला घरचं वाय-फाय समजतो आणि ॲप अपडेट, फोटो बॅकअप परस्पर सुरू करतो. दिवसाच्या १.५ जीबीवर मुलांचा अभ्यास भागवणाऱ्या घरांना याचा फार फटका बसतो, म्हणून कळकळीने सांगतेय: अँड्रॉइड टॅबवर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजून मिळणारं नेट) निवडा, आयपॅडवर ‘लो डेटा मोड’ चालू करा.