साडेबारा सेकंद आणि रेडिओवरचे एक वाक्य

पावसाळा सरल्यावर मराठवाड्याचे आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. अशा वेळी पैठणच्या नाथसागराच्या काठावर उभे राहून वर पाहिले, तर एवढ्या मोकळ्या जागेत दोन छोटी विमाने एकमेकांवर आदळू शकतील यावर विश्वास बसत नाही. प्रत्यक्षात छोट्या विमानांच्या हवेतील बहुतेक टकरी अशाच लख्ख उजेडात, चांगल्या हवेत आणि विमानतळाच्या आसपासच झालेल्या आहेत. आकाश कितीही मोठे असले तरी धावपट्टी एकच असते, आणि बाजाराच्या दिवशी गावात शिरणाऱ्या रस्त्याची जी गत होते तीच तिच्याकडे वळणाऱ्या हवेतल्या वाटेची होते.

चार आसनांच्या सेसना १७२ या विमानाच्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ११ मीटर असते. अशी दोन विमाने ताशी १८५ किलोमीटर, म्हणजे १०० नॉट वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला १०३ मीटरने घटते. अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेने वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात, समोरची वस्तू नजरेस पडल्यापासून आपले विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात असे धरले आहे. तेवढ्या वेळात ही दोन विमाने मिळून जवळपास १,३०० मीटर अंतर कापतात. म्हणजे वाचायचे असेल तर समोरचे विमान त्याआधी दिसायला हवे, आणि त्या अंतरावर त्याची रुंदी पौर्णिमेच्या चंद्राएवढीच, अर्ध्या अंशाची असते. चंद्र निदान भरलेल्या थाळीसारखा असतो. समोरून येणारे विमान म्हणजे एक बारीक आडवी रेघ आणि मधोमध एक ठिपका.

त्या साडेबारा सेकंदांपैकी तब्बल पाच सेकंद ‘हे आपल्यावरच येत आहे’ हे उमगण्यात जातात. याचे कारण भूमितीत आहे. सरळ रेषेत आणि स्थिर वेगाने जाणाऱ्या दोन विमानांची टक्कर होणार असेल, तर एकाच्या काचेवर दुसरे विमान जागचे हलत नाही. ते एकाच ठिकाणी खिळल्यासारखे राहते आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. आपल्या नजरेच्या कडा हालचाल चटकन टिपतात, स्थिर ठिपक्याकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होते. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या चौफुलीवर गाडी चालवणाऱ्यांना याचा अनुभव असेल: आडव्या रस्त्याने येणारा ट्रॅक्टर काचेच्या खांबाआड लपला, तर दोन्ही वाहने पुढे सरकत असूनही तो खांबाआडच राहतो. त्यात काही विमानांचे पंख वर असतात, काहींचे खाली. खाली पंख असलेले विमान वरून उतरत असेल आणि वर पंख असलेले त्याच्या खाली असेल, तर दोघेही एकमेकांना स्वतःच्याच पंखांनी झाकतात.

म्हणून नजरेला आधी कोणीतरी सांगावे लागते की कुठे पाहायचे. विमान कोणत्या दिशेला आहे हे माहीत असताना ते शोधणे, माहीत नसताना शोधण्यापेक्षा आठपट परिणामकारक ठरते, असे प्रयोगांत आढळले आहे. माझ्या मते विमानातील रेडिओचे मुख्य काम हेच आहे. परवानगी मागणे आणि देणे त्यानंतर येते. विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकांचा टॉवर नसलेल्या छोट्या धावपट्टीवर तर वैमानिक स्वतःच आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि पुढे काय करणार आहोत हे सर्वांना ऐकू जाईल असे सांगत राहतो.

हा रेडिओ मुद्दाम जुन्या पद्धतीचा, म्हणजे एएम प्रकारचा ठेवलेला आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस लहर दुबळीला गिळून टाकते आणि दुसरे कोणी बोलत होते याचा मागमूसही उरत नाही. एएमवर दोन लहरींच्या किंचित फरकातून कर्कश शिटी उमटते. शब्द कळले नाहीत तरी दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळले एवढे तरी कळते. शिवाय या लहरी नजरेसारख्या सरळ जातात, त्यामुळे हजार फुटांवरच्या विमानाचा आवाज सपाट प्रदेशात साधारण ७० किलोमीटरपर्यंत पोहोचला, तरी बालाघाटच्या डोंगराआड तो अडतो.

पोहोचलेला शब्दही फसवू शकतो. इंग्रजीत ‘टू’ म्हणजे दोन आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला २,४०० फुटांपर्यंत, म्हणजे ‘टू फोर झीरो झीरो’, उतरण्याची सूचना मिळाली. वैमानिकांनी ती ४०० फूट अशी ऐकली, विमान डोंगरावर आदळले आणि चौघे मरण पावले. म्हणूनच मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवण्याचा, म्हणजे रीडबॅकचा, नियम इतका कडक आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर ३४९ जणांचा बळी घेणारी टक्कर झाली, तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची दिसतच नव्हती. नियंत्रकाची सारी भिस्त रेडिओवरच्या उत्तरांवर होती. १५,००० फुटांवर थांबायला सांगितलेले कझाक विमान खाली आले, आणि त्याच्या वतीने रेडिओवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर स्वतःचे उंचीमापकही नव्हते.

उंचीचा घोळ टाळण्यासाठी एक सोपा नियमही आहे. स्वतःच्या नजरेवर विसंबून संभाजीनगरहून नांदेडकडे, म्हणजे पूर्वेच्या अंगाला निघालेले छोटे विमान ५,५०० फुटांवर असेल, तर परत येणारे ४,५०० किंवा ६,५०० फुटांवर असते. उतरताना मात्र सगळ्यांना त्याच थरांतून खाली यावे लागते.

तिथे अचूक बोलणेही कधीकधी पुरत नाही. १७ जुलै २०२२ रोजी नॉर्थ लास व्हेगासला एका वैमानिकाने ‘३० डावी’ या धावपट्टीची सूचना बरोबर परत म्हटली आणि विमान मात्र शेजारच्या ‘३० उजवी’च्या रेषेत आणले, तिथे उतरणाऱ्या सेसनाशी त्याची टक्कर होऊन चौघे गेले. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे टॉवर नसलेल्या धावपट्टीवर दोन्ही वैमानिक आपापली जागा सांगत होते. मागचे विमान मात्र पुढच्यापेक्षा कितीतरी वेगाने सरळ येत होते, आणि तिघे मरण पावले.

१२ मे २०२१ रोजी डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर दोन विमाने समांतर धावपट्ट्यांवर उतरत होती आणि दोघांचे वैमानिक वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या नियंत्रकांशी बोलत होते. छोटे सिरस विमान वळताना आपली रेषा ओलांडून पलीकडे गेले आणि मेट्रोलायनर या मालवाहू विमानावर आदळले. सिरसमधील दोघे विमानाच्याच पॅराशूटने सुखरूप खाली आले. मेट्रोलायनरची पाठ अर्धीअधिक फाटली होती, तरी त्याच्या एकट्या वैमानिकाने ते धावपट्टीवर नीट उतरवले; टॉवरला त्याने कळवले होते ते एवढेच, की उजवे इंजिन बंद पडलेले दिसते.