विश्वासाची लहान कृत्ये

देवावर भरवसा ठेवून रोजच्या जगण्यात केलेल्या छोट्या, बहुधा कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या कामांना ख्रिस्ती परंपरेत मोठा मान आहे. जेवणाआधीची उपकारस्तुती, ओठांवर आलेला रागाचा शब्द गिळणे, आजाऱ्याच्या उशाशी तासभर बसणे, दमल्या रात्री दोन वाक्यांची का होईना प्रार्थना करणे, ही अशी कृत्ये. शिष्य म्हणून कोणाला नुसते पेलाभर गार पाणी दिले तरी त्याचे प्रतिफळ बुडणार नाही, असे येशूने सांगितले आहे (मत्तय 10:42).

या विचाराचे मूळ मोहरीच्या दाण्याच्या वचनात आहे. लूकच्या शुभवर्तमानात (17:5-6) प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, विनवतात, 'आमचा विश्वास वाढवा.' त्यांना विश्वास जास्त हवा होता. येशू उत्तर देतो ते मात्र मोहरीएवढ्या विश्वासाचे: तेवढा असला तरी तुमच्या शब्दासरशी तुतीचे झाड उपटून समुद्रात लावले जाईल. विश्वास किती आहे यापेक्षा तो कोणावर आहे, हे इथे महत्त्वाचे. आपला विश्वास तोकडा आहे म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांना या वचनाइतका धीर दुसऱ्या कशाने येत असेल, असे वाटत नाही.

जुन्या करारातील नामानाची कथा (2 राजे 5) मोठ्या चमत्काराची म्हणून सांगितली जाते, पण ती पुढे सरकते लहान माणसांमुळे. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगी होता. लढाईत धरून आणलेली एक इस्राएली मुलगी त्याच्या बायकोच्या चाकरीत होती. इस्राएलातील शोमरोनातला संदेष्टा आपल्या धन्याला बरे करील, एवढेच ती बाईसाहेबांना म्हणाली. ज्यांनी तिला घरापासून तोडले, त्यांच्याच भल्यासाठी ती बोलली. पुढे त्या संदेष्ट्याने, अलीशाने, यार्देन नदीत सात वेळा स्नान करायला सांगितले, तेव्हा नामान चिडून परत निघाला. संदेष्ट्याने काही अवघड काम सांगितले असते तर आपण केले नसते का, असे चाकरांनीच त्याला विचारले. त्या मुलीचे नाव बायबलमध्ये नाही.

मठांच्या जीवनात हा विचार रोजच्या शिस्तीत उतरला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत, कोठाराची जबाबदारी सांभाळणाऱ्याने मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असे सांगितले आहे. फ्रान्समधील लिझ्यूच्या संत तेरेजा (1873-1897) यांनी याच वाटेला आपला 'लहान मार्ग' मानले. एकदा कपडे धुताना समोरची भगिनी रुमाल आपटी, आणि दर वेळी मळके पाणी तेरेजांच्या तोंडावर उडे. मागे सरून तोंड पुसावे, म्हणजे तिला कळेल, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी तसे केले नाही. उलट ते शिंतोडे आनंदाने घ्यायचे ठरवले. वयाच्या 24व्या वर्षी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. 1925 मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि 1997 मध्ये चर्चच्या आचार्यांत, म्हणजे ज्यांची शिकवण चर्च विशेष मोलाची मानते अशा संतांत, त्यांची गणना झाली.

अशा कृत्यांनी तारण, म्हणजे पापापासून सुटका, मिळते का, यावर सोळाव्या शतकात तीव्र वाद झाला. तारण केवळ विश्वासाने मिळते आणि सत्कर्मे हे त्या विश्वासाचे फळ, अशी मार्टिन ल्यूथर यांची भूमिका होती. कॅथलिक शिकवणीत कृपेच्या बळावर केलेल्या सत्कर्मांना पुण्यमूल्यही आहे. कृतीवाचून विश्वास निर्जीव, हे याकोबाचे वचन (2:17) दोन्ही बाजू मानतात.

सर्वांत परिचित उदाहरण गरीब विधवेचे (मार्क 12:41-44). तिने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकल्या. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार धरली, तर एक टोली तिचा सुमारे 128वा भाग होई. दोन नाणी होती, म्हणजे एक मागे ठेवता आले असते. ही गोष्ट गरिबांकडून वर्गणी काढण्यासाठी वापरणे मात्र चुकीचे आहे, कारण विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांचा, निषेध येशूने याच्या लगेच आधी केला आहे (12:40). तिने आपली सारी उपजीविका टाकली, हे त्याने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले. तिला हाक मारल्याचा उल्लेख नाही.