पिकअप वाढला, पण पॉवर?

"पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान केलं अन् गाडीत जीव आला!" आमच्या भागात पानटपरीवर हे कोणी ना कोणी सांगतंच. स्प्रॉकेट म्हणजे मोटारसायकलची चेन जिच्यावर बसते ती दातेरी चकती: पुढची इंजिनाकडे, मागची मागच्या चाकाला. गाडी उचल घेते हे खरं. पण इंजिनात काहीच बदललेलं नसतं.

97.2 सीसीची स्प्लेंडर प्लस घ्या. 8000 आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 8000 फेऱ्यांना) जेमतेम 8 पीएस, म्हणजे अश्वशक्ती, पॉवर, 6000 ला 8.05 न्यूटन-मीटर टॉर्क. टॉर्क म्हणजे पिळायचा जोर, आणि त्या जोरात दर सेकंदाला किती काम उरकतं ती पॉवर. स्प्रॉकेट बदलून ही पॉवर तसूभरही वाढत नाही. फक्त सौदा होतो: वेग द्यायचा, जोर घ्यायचा.

समजा पुढे 14 दाते, मागे 42. चाकाच्या एका फेऱ्याला पुढचं स्प्रॉकेट 3 वेळा फिरतं. तिथं 13 चं टाकलं की 3.23 वेळा. चाकावरचा ओढा जवळपास 8 टक्के वाढला. पण टॉप गिअरला 60 च्या वेगात इंजिन जेवढं ओरडायचं, तेवढं आता 56 लाच ओरडेल. हाच फरक मागून पाडायचा तर तीन दाते वाढवावे लागतात. म्हणून मिस्त्री पुढचंच बदलतात, स्वस्तही पडतं.

पांदण रस्ता, जुलैची चिकट काळी माती आणि मागे ढेपेचं पोतं असेल तर हा सौदा मला पटतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट डबलसीट चढणाऱ्यालाही पटेल. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, मग टॉप स्पीडचं काय लोणचं घालायचं? रोज हायवेनं यवतमाळ गाठणाऱ्यानं मात्र या फंदात पडू नये. इंजिन सतत चढ्या आरपीएमवर राहतं, पेट्रोल जातं. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते.

आणखी एक गंमत. ज्या गाड्यांत मीटरचा सेन्सर गिअरबॉक्सकडे असतो, तिथं मीटर 60 दाखवतं तेव्हा गाडी 56 नंच चाललेली असते. किलोमीटरही फुगतात, आणि मालक ॲव्हरेज वाढलं म्हणून खूश! पुढच्या चाकातून केबल येत असेल तर हा घोळ नाही.

खरी पॉवर वाढवायची तर जास्त हवा-पेट्रोल नीट जळायला हवं. फिल्टर काढून किंवा सायलेन्सर फोडून आवाज वाढतो. फिल्टरविना धूळ मात्र थेट सिलिंडरात जाते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवला की आरसी बुकात लिहिलेली सीसी आणि गाडीची सीसी जुळत नाही, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

बहुतेकांची पॉवर कमी नसतेच, ती वाटेत अडकलेली असते. चोंदलेला फिल्टर, घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हची फट कमी पडलेली), कमी हवेचं टायर. गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवा. एका फेऱ्यातच अडखळलं तर ब्रेक धरतोय किंवा चेन जास्त ताणलीय. स्प्रॉकेटचे पैसे आधी तिथं घाला.