मिझो शांतता करार

मिझो शांतता करार : भारत सरकार, मिझोराम शासन आणि मिझो नॅशनल फ्रंट (एमएनएफ) यांच्यात ३० जून १९८६ रोजी नवी दिल्लीत झालेला समझोता. या कराराने वीस वर्षांचा सशस्त्र लढा थांबला, बंडखोर संघटना संविधानाच्या चौकटीत आली आणि मिझोरामला घटक राज्याचा दर्जा मिळाला. पंजाब करार (जुलै १९८५) आणि आसाम करार (ऑगस्ट १९८५) यांच्या पाठोपाठ झालेला हा राजीव गांधींच्या काळातला तिसरा मोठा करार. तिघांत तोच सर्वाधिक टिकला.

संघर्षाचे मूळ शोधताना बहुतेक जण १९६६ च्या सशस्त्र उठावापासून सुरुवात करतात. खरे तर ते त्याच्या आठ वर्षे आधीच्या एका नाकारलेल्या अर्जात आहे. आजचा मिझोराम तेव्हा आसामचा जिल्हा होता. लुशाई हिल्स हे त्याचे नाव बदलून १९५४ मध्ये मिझो जिल्हा झाले. या डोंगरांतला एक जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याचे बी खाऊन उंदरांची बेसुमार पैदास होते आणि बी संपले की उंदीर झूमशेतीतल्या (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीतल्या) भातावर तुटून पडतात. या दुष्काळाला मिझो लोक ‘माउताम’ म्हणतात. १९११-१२ चा माउताम जुन्या पिढीच्या आठवणीत होता, त्यामुळे पुढचा कधी येणार हे गावोगावी ठाऊक होते. मिझो जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारला सावध केले आणि मदतकार्यासाठी १५ लाख रुपये मागितले. फुलांवरून दुष्काळाचे भाकीत करणे ही आदिवासींची समजूत आहे, असे मानून शिलाँगने (तेव्हाची आसामची राजधानी) मागणी बाजूला सारली. दुष्काळ वेळेवर आला. मदत वेळेवर आली नाही. १९६० मध्ये आसामी ही राज्याची राजभाषा करणारा कायदा झाला, तेव्हा आपण या राज्यात उपरे आहोत ही भावना आणखी पक्की झाली.

दुर्गम गावांत पाठीवरून तांदूळ पोहोचवायला जी स्वयंसेवी संघटना उभी राहिली तिचे नाव मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. ऑक्टोबर १९६१ मध्ये तिच्या नावातला ‘फॅमिन’ (दुष्काळ) गळाला आणि एमएनएफ हा राजकीय पक्ष जन्मला. अध्यक्ष लालडेंगा हे आधी भारतीय लष्करात आणि नंतर जिल्हा परिषदेच्या कचेरीत नोकरीला होते. सरकार कुठे कमी पडते हे त्यांना आतून माहीत होते.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री एमएनएफने एकाच वेळी अनेक ठाण्यांवर हल्ले केले आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य जाहीर केले. ऐझॉल (आजची मिझोरामची राजधानी) इथल्या आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या ठाण्याला वेढा पडला. ५ मार्चपासून हवाई दलाने ऐझॉल आणि आसपास मारा केला. आपल्याच नागरी वस्तीवर भारताने विमानातून हल्ला केल्याचे हे एकमेव उदाहरण. सरकारने ते अनेक वर्षे उघडपणे मान्य केले नाही.

बॉम्बफेकीची चर्चा जास्त होते, पण मिझो समाजावर खोल ओरखडा उठवला तो १९६७ पासूनच्या गावांच्या एकत्रीकरणाने. डोंगरमाथ्यांवर विखुरलेली गावे रिकामी करून माणसे रस्त्याकडेच्या पहारा असलेल्या वस्त्यांत आणली गेली. नेता येईल तेवढे डोक्यावर, बाकीचे घर आणि धान्याचे कोठार आगीच्या हवाली. बंडखोरांना रसद मिळू नये हा हेतू. नव्या वस्तीत ओळखपत्र, हजेरी, रात्रीची संचारबंदी आणि मोजून तांदूळ. शेत दूर राहिल्यामुळे झूमशेती मोडली आणि पिकवून खाणारा समाज रेशनवर आला. या वस्त्यांचे सरकारी नाव ‘संरक्षित व प्रगतिशील गावे’ असे होते.

पुढची वीस वर्षे थोडक्यात सांगता येतील. १९७१ मध्ये बांगलादेश झाला आणि एमएनएफचा पूर्व पाकिस्तानातला आसरा गेला. २१ जानेवारी १९७२ रोजी मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. १९७६ मध्ये एक समझोता झाला, पण तो अमलात आला नाही. या सर्व काळात चर्चेचा धागा तुटू न देण्याचे काम प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट चर्चने केले.

अखेरच्या करारावर लालडेंगा, मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा आणि केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या सह्या आहेत. प्रधान हे महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव आणि पुढे महाराष्ट्राचे मुख्य सचिव होते. आसाम करारावरही त्यांची सही आहे. मिझो करार झाला तो दिवस त्यांच्या निवृत्तीचा होता.

एमएनएफने शस्त्रे खाली ठेवायची, स्वतंत्र देशाची मागणी सोडायची, पक्षाची घटना बदलायची आणि त्रिपुरा-मणिपूरमधल्या बंडखोर गटांना मदत थांबवायची, असे एका बाजूने ठरले. केंद्राने घटक राज्य, नव्या राज्याला आर्थिक साहाय्य, मृतांच्या वारसांना सानुग्रह रक्कम, मालमत्तेच्या नुकसानीच्या दाव्यांचा निपटारा आणि मागणी आल्यास स्वतंत्र उच्च न्यायालय कबूल केले. सर्वांत वजनदार तरतूद ५३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जी म्हणून संविधानात गेली. मिझोंच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढीकायदा, त्यावर आधारित न्यायदान, तसेच जमिनीची मालकी व हस्तांतरण या बाबतींतला संसदेचा कायदा विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. सवलती सरकारागणिक आटतात. संविधानातले कलम काढायला संसदेत विशेष बहुमत लागते. हा फरक मिझो वाटाघाटी करणाऱ्यांनी ओळखला होता.

करारात काय दिले नाही हेही स्पष्ट लिहिले आहे. शेजारच्या राज्यांतले मिझो प्रदेश एकत्र करण्याचा मुद्दा एमएनएफने मांडला. त्यावर अनुच्छेद ३ मधली (राज्यांच्या सीमा बदलण्याची) पद्धत उपलब्ध आहे, पण सरकार याबाबत कोणतीही हमी देत नाही, अशी नोंद आहे. खोटी आशा न लावण्याचा हा प्रामाणिकपणा अशा दस्तऐवजांत विरळाच.

अंमलबजावणीला सर्वांत मोठा हातभार लागला तो एका पायउताराचा. निवडून आलेले काँग्रेसचे मुख्यमंत्री ललथनहौला यांनी खुर्ची सोडली, उपमुख्यमंत्रिपद घेतले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम देशाचे २३ वे राज्य झाले. त्याच महिन्यातल्या निवडणुकीत एमएनएफने ४० पैकी २४ जागा जिंकल्या. पक्षांतराने हे सरकार १९८८ मध्ये पडले आणि पुढच्या निवडणुकीत काँग्रेस आली. लालडेंगांनी पराभव पत्करला, पक्ष जंगलात परतला नाही. कराराची खरी परीक्षा हीच होती. १९९८ मध्ये त्यांचे जुने सहकारी झोरमथांगा मतपेटीतूनच सत्तेवर आले. २००७ मध्ये माउताम पुन्हा आला तेव्हा सरकारने आधीच योजना आखली होती आणि उंदराच्या शेपटीमागे रोख बक्षीस लावले होते.

विकासाची आश्वासने मात्र रखडत गेली. राज्याचा खर्च आजही मुख्यतः केंद्राच्या पैशावर चालतो. बैराबी ते सायरंग हा ५१ किलोमीटरचा लोहमार्ग १३ सप्टेंबर २०२५ रोजी खुला झाला, तेव्हा कुठे ऐझॉलच्या दाराशी आगगाडी आली. स्वतंत्र उच्च न्यायालय अजून नाही. ऐझॉलमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे.

दिल्ली आणि मिझो यांच्यातला सलोखा मिझोराममधल्या सर्वांपर्यंत पोहोचला, असेही नाही. अल्पसंख्याकांच्या हक्कांचे वाक्य करारात आहे. तरीही १९९७ मध्ये ब्रू (रियांग) समाजाने स्वायत्त परिषद मागितल्यावर तणाव पेटला आणि हजारो कुटुंबांना त्रिपुरातल्या छावण्या गाठाव्या लागल्या. जानेवारी २०२० च्या करारानुसार त्यांना सुमारे ६०० कोटी रुपये खर्चून त्रिपुरातच वसवण्याचे ठरले. घरी परतण्याचा प्रश्न तिथे संपला. अनुच्छेद ३७१-जी च्या मर्यादांवर वाद चालूच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये विधानसभेने केंद्राच्या वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्तीला विरोध करणारा ठराव केला, तेव्हा जंगल हे ‘जमिनीच्या मालकीत’ मोडते काय, हा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आला.