दोन किल्ल्यांचं लॉकर

१३ मार्च २००६. लंडनमधल्या एका रुग्णालयात सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ हे नवं औषध टोचलं गेलं. माकडांना निर्धोक ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतकंच. दीड तासाच्या आत सगळे तापाने फणफणले, डोकं ठणकू लागलं आणि काही तासांत एकेक अवयव निकामी व्हायला लागला. सहाही जण वाचले, पण एकाला हातापायांची बोटं गमवावी लागली.

बँकेचं लॉकर आठवा. एक किल्ली तुमची, एक बँकेची. जंतूंशी लढणाऱ्या आपल्या टी-पेशीचंही (ही एक पांढरी रक्तपेशी) तसंच असतं. दुसऱ्या पेशीने समोर धरलेला जंतूचा तुकडा तिच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने, म्हणजे ओळख पटवणाऱ्या रेणूने, ओळखला, ही पहिली किल्ली. एवढ्याने भागत नाही. तिच्यावरच्या सीडी२८ या रेणूला समोरच्या पेशीवरचा बी७ हा रेणूही भेटावा लागतो, ही दुसरी किल्ली; आणि बी७ भरपूर दिसतो संसर्गाची चाहूल लागल्यावरच. नुसती पहिली किल्ली फिरली, तर टी-पेशी उलट सुस्तावते. आपल्याच शरीरावर चाल करून जाऊ नये म्हणून ही खबरदारी.

टीजीएन१४१२ने सीडी२८ला असं काही पकडलं, की पहिल्या किल्लीची गरजच उरली नाही आणि टी-पेशी एकदम चवताळल्या. मग माकडं कशी बचावली? त्यांच्या अनुभवी, म्हणजे आधी जंतूंशी गाठ पडलेल्या, टी-पेशींच्या एका मोठ्या गटावर सीडी२८ नसतंच, हे नंतर उमगलं.

टी-पेशी जागी झाली की काही तासांत तिच्यावर सीटीएलए-४ हा तिला आवरणारा रेणू उगवतो. (या रेणूंची बारशी कुणी केली कोण जाणे!) ते सीडी२८चं भावंडच, पण बी७ला कितीतरी घट्ट बिलगतं आणि सीडी२८ला जागाच ठेवत नाही. ज्या उंदरांत त्याचं जनुक नव्हतं, ते तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्याच टी-पेशी त्यांच्या अवयवांत घुसल्या होत्या. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन यांनी उलटा विचार केला. सीटीएलए-४ला अडवलं, तर मोकाट सुटलेल्या टी-पेशी कर्करोगावर तुटून पडतील? १९९६मध्ये उंदरांत ते जमलं, २०११मध्ये त्वचेच्या कर्करोगावर औषध आलं आणि २०१८चं नोबेल अ‍ॅलिसन यांना, पीडी-१ हा दुसरा लगाम शोधणाऱ्या तासुकू होंजो यांच्यासोबत मिळालं. किंमतही मोजावी लागते: काही रुग्णांची आतडी सुजतात, थायरॉइड बिघडते.

आणि याच सीटीएलए-४चा बाहेरचा भाग वापरून बी७ झाकून टाकणारं अबाटासेप्ट हे औषध, शरीर आपल्याच सांध्यांवर चाल करतं त्या संधिवातासाठी, अमेरिकेत मंजूर झालं डिसेंबर २००५मध्ये, लंडनच्या त्या दिवसाच्या सुमारे तीन महिने आधी. टीजीएन१४१२ ज्या आजारांसाठी बनवलं जात होतं, त्यांतही संधिवात होताच.