हास्केल आणि सी यांच्यातील स्ट्रिंगची देवाणघेवाण

हास्केल या फंक्शनल भाषेतल्या प्रोग्रॅममधून सी भाषेतल्या फंक्शनला स्ट्रिंग म्हणजे मजकूर देणे किंवा त्याच्याकडून घेणे. त्यासाठी लागणारा फॉरेन फंक्शन इंटरफेस, म्हणजे दुसऱ्या भाषेतली फंक्शने बोलावण्याची सोय, ‘हास्केल २०१०’ या प्रमाण आवृत्तीत भाषेचाच भाग झाला.

हास्केलची स्ट्रिंग ही युनिकोड वर्णांची लिंक्ड लिस्ट (एकेक वर्ण पुढच्याला जोडलेली साखळी) असते; ६४ बिटच्या यंत्रावर जीएचसी हा हास्केलचा कंपायलर देवनागरीच्या एकेका वर्णामागे साधारण ४० बाइट खर्च करतो. सीची स्ट्रिंग म्हणजे ओळीने बाइट आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट. त्यामुळे प्रत करावीच लागते. ‘विथसीस्ट्रिंग’ तात्पुरती प्रत करून काम होताच जागा मोकळी करते. सीने त्या जागेचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जपून ठेवला, तर नंतर तिथे भलतेच काही सापडते. ‘न्यूसीस्ट्रिंग’ची प्रत ‘फ्री’ करेपर्यंत राहते, वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तिच्याकडे फिरकत नाही. जमेल तिथे ‘विथसीस्ट्रिंग’च वापरावी.

मराठीत खरा घोळ लांबीचा होतो. मुंबईतल्या रेल्वे स्थानकांची नावे एखाद्या सी लायब्ररीला द्यायची आहेत असे धरू. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ हे नाव हास्केलच्या ‘लेंग्थ’ने मोजले तर २९ वर्ण भरते; मात्रा, हलंत आणि मोकळ्या जागाही त्यात वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (वर्ण बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ३ बाइट आणि मोकळ्या जागेला १ बाइट लागतो, म्हणून तेच नाव ८१ बाइटांचे होते. शेवटचे शून्य धरून ८२. सीकडे ६४ बाइटांचा बफर (मजकूर ठेवायची राखीव जागा) असेल आणि मजकूर मोजून कापला, तर नाव ‘महाराज ट’वर तुटते. न मोजता सीच्या ‘स्ट्रकॉपी’ने प्रत केली, तर शेजारची मेमरी बिघडते. इंग्रजी नाव ३६ बाइटांत बसते, त्यामुळे इंग्रजी डेटावरच्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही. चाचणीसाठी मराठी नावे घ्यायलाच हवीत.

एन्कोडिंगचाही प्रश्न आहे. ‘विथसीस्ट्रिंग’ आणि ‘न्यूसीस्ट्रिंग’ ही दोन्ही फंक्शने लोकेलवर, म्हणजे यंत्राच्या भाषा-एन्कोडिंगच्या सेटिंगवर, चालतात. सर्व्हरचे लोकेल यूटीएफ-८ नसेल तर देवनागरी सुखरूप पोचेल याची खात्री नाही. ‘विथसीएस्ट्रिंग’ तर प्रत्येक वर्णाचे खालचे ८ बिटच ठेवते. ‘मुंबई’तला ‘म’ त्यात पूर्णविराम होऊन बसतो आणि उकाराच्या जागी रोमन लिपीतला मोठा ‘ए’ येतो. मराठी मजकुराला हे फंक्शन लावूच नये.

भरवशाचा मार्ग म्हणजे हास्केलच्या ‘टेक्स्ट’ प्रकारातला मजकूर स्वतःहून यूटीएफ-८मध्ये बदलून बाइटस्ट्रिंग (बाइटांची सलग रांग) करणे आणि ‘यूजॲजसीस्ट्रिंगलेन’ने पॉइंटरसोबत बाइटांची संख्याही देणे. ‘यूजॲजसीस्ट्रिंगलेन’ने दिलेल्या बाइटांच्या शेवटी शून्य असेलच असे नाही. ज्या सी फंक्शनला ते लागते, त्याला ‘यूजॲजसीस्ट्रिंग’ने केलेली प्रत द्यावी.